तीन कुंडांचं पाणी : चीनमधल्या लिजियांग शहराची गोष्ट

हातात काम असेल तर ते चालू राहू दे, कान मात्र इकडे द्या. आज आपण लांबच्या एका गावाला जाणार आहोत. चीनच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात युन्नान नावाचा डोंगराळ प्रांत आहे. त्याला लागून म्यानमार आणि म्यानमारला लागून आपला ईशान्य भारत. या युन्नानमध्ये लिजियांग नावाचं एक छोटं शहर आहे. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे २४०० मीटर. आपलं कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर, म्हणजे हे शहर त्याच्याही साडेसातशे मीटर वर वसलेलं. उत्तरेला बर्फाचा डोंगर, ५५९६ मीटर उंच. इथं पूर्वापार नाखी समाजाचे लोक राहत आले आहेत. त्यांची भाषा वेगळी, पोशाख वेगळा. त्यांच्या पुजाऱ्यांची लिपीसुद्धा चित्रांची.

लिजियांगचं जुनं गाव सुमारे ८०० वर्षांचं आहे. दगडी फरशीच्या अरुंद गल्ल्या, लाकडी घरं, कौलारू छपरं. पण मला सांगायचंय ते तिथल्या पाण्याबद्दल.

गावाच्या वरच्या अंगाला डोंगराच्या पायथ्याशी झऱ्यांचा एक तलाव आहे. त्यातून निघालेली नदी गावाच्या तोंडाशी तीन प्रवाहांत वाटली जाते. पुढे त्यांचेही फाटे होतात आणि पाटाचं पाणी गल्लीगल्लीतून, घराघरांपुढून वाहतं. पाट इतके, की त्यांच्यावरचे लहानमोठे पूल तीनशेच्या वर आहेत.

शिवाय गावात जिथं जमिनीतून झरा फुटतो, तिथं लोकांनी एकाखाली एक अशी तीन दगडी कुंडं बांधली. झऱ्याचं पाणी आधी वरच्या कुंडात येतं. ते फक्त पिण्यासाठी. ते भरलं की पाणी दुसऱ्या कुंडात उतरतं. तिथं भाजी आणि तांदूळ धुवायचे. तिथून ते तिसऱ्यात जातं, तिथं कपडे धुवायचे. पाणी खालीच वाहणार, वर चढणार नाही, त्यामुळे धुण्याचा साबण पिण्याच्या पाण्यात जायची भीती नाही. एकच झरा, पण त्याचं पाणी तीनदा कामाला येतं. यात यंत्र नाही, वीज नाही. फक्त तीन खड्डे आणि एक नियम.

खरं काम त्या नियमाचंच आहे. एकीनं जरी वरच्या कुंडात लुगडं बुडवलं, तरी सगळ्या आळीचं पिण्याचं पाणी गेलं. म्हणजे ही व्यवस्था इतकी वर्षं टिकली ती दगडांमुळे नाही, एकमेकींच्या शब्दामुळे टिकली. गावाच्या मधोमध बाजाराचा चौक आहे. बाजार उठला की शेजारच्या पाटाला फळी लावून पाणी अडवायचं, ते चौकात पसरायचं आणि सगळी फरशी धुऊन निघायची, अशी जुनी पद्धत होती. हेही सगळ्यांनी मिळून पाळायचं काम.

आता हा बाजार कुणाच्या जिवावर चालायचा? बायकांच्या! पूर्वी लिजियांगवरून घोड्या-खेचरांचे तांडे जायचे. दक्षिण युन्नानचा चहा तिबेटात, तिबेटातली जनावरं आणि लोकर इकडे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली जपानने म्यानमारचा रस्ता तोडला, तेव्हा आपल्या बंगालमधल्या कालिम्पाँगहून ल्हासामार्गे माल लिजियांगला पोचायचा. पुरुष तांड्याबरोबर महिनोन्‌महिने बाहेर. मागं दुकान, शेत, ओझी आणि पैशाचा हिशेब बायका बघायच्या. पीटर गुलार्ट नावाचे रशियन गृहस्थ १९४१ ते १९४९ या काळात तिथं राहून कारागिरांच्या सहकारी संस्था उभ्या करत होते. त्यांनी पुस्तकात लिहून ठेवलंय, की तिथला व्यापार बायकांच्या हातात होता.

नाखी बायकांच्या पाठीवर मेंढीच्या कातड्याचा एक आवरणवजा पोशाख असतो. पाटी वाहताना पाठ सोलू नये, थंडी लागू नये, हा त्याचा उपयोग. त्यावर भरतकामाच्या सात गोल चकत्या असतात. लोक म्हणतात, हे सात तारे. पहाटे चांदण्यात घराबाहेर पडायचं आणि रात्री चांदण्यातच परतायचं, म्हणून बाई तारे पाठीवर घेऊन फिरते. ऐकायला छान वाटतं, पण मैत्रिणींनो, यात कौतुक किती आणि कष्ट किती, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. कारण एवढं करूनही घर आणि जमीन मुलग्यांकडेच जायची. कष्ट बाईचे, उतारा बुवाच्या नावावर!

मग आला ३ फेब्रुवारी १९९६ चा दिवस. लिजियांगला मोठा भूकंप झाला. तीनशेच्या वर माणसं गेली. पण जुन्या गावातली बरीच लाकडी घरं उभी राहिली. त्या घरांचं छत भिंतींवर नसतं, लाकडी खांब-तुळयांच्या सांगाड्यावर असतं. मातीच्या विटांची भिंत ढासळली तरी छत डोक्यावर येत नाही. आपल्याकडे १९९३ साली किल्लारीला दगडमातीच्या जड भिंती आणि जड धाबी झोपेतल्या माणसांवर कोसळली, ते आठवलं की या सांगाड्याचं मोल कळतं.

गावाची डागडुजी झाली आणि १९९७ साली युनेस्कोने लिजियांगच्या जुन्या गावाला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. विमानतळ आधीच झाला होता. मग पर्यटकांची रीघ लागली. हाताला काम मिळालं, पैसा आला, घरं दुरुस्त झाली. हे चांगलंच झालं.

पण दुसरी बाजूही आहे. बाहेरचे व्यापारी आले आणि जुन्या घरांना चांगलं भाडं देऊ लागले. घरमालकांनी घरं भाड्यानं दिली आणि ते नव्या शहरात राहायला गेले. त्यांना दोष कसा द्यायचा? अरुंद गल्लीत गाडी येत नाही, नव्या घरात सोयी असतात, भाड्यावर मुलांचं शिक्षण होतं. आपणही कदाचित तेच केलं असतं. पण हळूहळू जुन्या गावात लॉज, खाणावळी आणि एकसारख्या वस्तूंची दुकानं उरली. राहणारी माणसं कमी झाली. युनेस्कोच्या समितीनेही याबद्दल काळजी व्यक्त केली.

पुढे २००९ नंतर युन्नानात सलग काही वर्षं पाऊस कमी पडला, तेव्हा त्या वरच्या तलावाचे झरे आटले. तळ उघडा पडला. ज्या पाण्यावर गाव उभं राहिलं, तेच रुसलं.

आजही लिजियांगमध्ये तीन कुंडं बघायला मिळतात. पर्यटक फोटो काढतात. पण ज्या बाईला वरच्या कुंडातून उद्या सकाळी पिण्याचा हंडा भरायचाय, तिला त्या कुंडाची जेवढी काळजी, तेवढी फोटो काढणाऱ्याला कशी असेल? दगड जपता येतात, पण नियम जपायला तिथं राहणारी माणसं लागतात.

आपल्या गावातही असे नियम असतील. पाणवठ्यावर आधी पिण्याचं, मग धुण्याचं. जनावरांचं पाणी वेगळं. नळ आल्यावर यातले किती उरले? आणि जुन्या नियमांत काही वाईटही होते. कुणाला पाण्याला शिवूच द्यायचं नाही, असेही नियम आपल्याकडे होते. ते गेले पाहिजेतच. म्हणून जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणत नाही.

पण बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. आपल्या आळीत पाण्याचे कोणते नियम होते, ते म्हाताऱ्या आजींना विचारून लिहून काढा. त्यातले कोणते सगळ्यांच्या भल्याचे, ते निवडा. आणि ते पाळायचे कुणी, हे तिथंच ठरवा. सांडपाणी परसबागेला वळवायचं ठरलं, तरी आपलं दुसरं कुंड तयार झालं म्हणा.

भेटू पुढच्या वेळी. नमस्कार!