बुडालं दुकान, बुडाली नाही कला!

दोस्तांनो, एकदा नापास झालं तर घरचे समजावतात. दुसऱ्यांदा झालं, की शेजारपाजारचेही सल्ले द्यायला येतात. मग ज्याचं दुकानच पुन्हा पुन्हा बुडालं, त्याला लोकांनी काय काय ऐकवलं असेल? आणि त्याच माणसाने पुढे चॉकलेटचं अख्खं गाव वसवलं, असं सांगितलं तर?

या माणसाचं नाव मिल्टन हर्शी. जन्म १८५७ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातला. वडील नवनवे धंदे काढायचे, पण एकही टिकत नसे. त्यामुळे घर सारखं बदलायचं, शाळाही बदलायची. चौथीच्या आसपास शिक्षण सुटलंच. मिल्टन आधी एका छापखान्यात उमेदवारी करू लागला, पण तिथे त्याचं मन रमेना. तिथून सुटल्यावर लँकेस्टर गावच्या एका मिठाईवाल्याकडे चार वर्षं राहून तो गोळ्या बनवायला शिकला. इथे मात्र त्याचा हात बसला!

१८७६ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, त्याने फिलाडेल्फिया शहरात दुकान टाकलं. आई आणि मावशी मदतीला आल्या. मावशीने पैसेही घातले. सहा वर्षं राबूनही १८८२ मध्ये दुकान बंद करावं लागलं.

मग तो डेन्व्हरला गेला आणि दुसऱ्याच्या कारखान्यात नोकरीला लागला. तिथे त्याला एक युक्ती कळली. कॅरमेलच्या गोळीत ताजं दूध घातलं, की गोळी मऊ, चविष्ट होते आणि जास्त दिवस टिकते. ही युक्ती गाठीशी बांधून १८८३ मध्ये त्याने न्यू यॉर्कमध्ये पुन्हा धंदा मांडला. तोही तीन वर्षांत बुडाला!

१८८६ मध्ये मिल्टन रिकाम्या हातांनी लँकेस्टरला परतला. नातेवाइकांनी पैसे द्यायला साफ नकार दिला. यंत्रसामान सोडवून आणायचं, तर भाडं भरायलाही पैसे नव्हते. अशा वेळी पुढे आला हॅरी लेबकिशर, फिलाडेल्फियाच्या दुकानातला त्याचा जुना कामगार. त्याने मिल्टनला आसरा दिला आणि सामान आणायला पैसेही दिले. मालक म्हणून मिल्टन कसा वागला असेल, याचा अंदाज यावरूनच येतो, नाही का?

आता दुधाची युक्ती कामी आली. मिल्टनची कॅरमेलं एका इंग्रज व्यापाऱ्याला आवडली. मोठी मागणी आली, तिच्या जोरावर बँकेने कर्ज दिलं आणि गाडी रुळावर आली. पुढे १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्याने चॉकलेट बनवायची जर्मन यंत्रं पाहिली आणि विकत घेतली. १९०० मध्ये तर चांगला चाललेला कॅरमेलचा कारखाना त्याने १० लाख डॉलरला विकून टाकला. का? कारण मन आता चॉकलेटकडे लागलं होतं.

पण दुधाचं चॉकलेट करणं सोपं नव्हतं बरं का! दुधात पाणी फार आणि चॉकलेटमध्ये पाणी पडलं की त्याच्या गुठळ्या होतात. कितीतरी प्रयोग फसले. अखेर जमलं! १९०५ मध्ये त्याच्या जन्मगावाजवळच, दुधाच्या गोठ्यांच्या मुलखात, मोठा कारखाना उभा राहिला. भोवती कामगारांची घरं, बाग, शाळा असं गावच वसलं. श्रीमंतांची चैन असलेलं चॉकलेट पाच सेंटला मिळू लागलं.

हर्शी पती-पत्नींना मूल नव्हतं. १९०९ मध्ये त्यांनी अनाथ मुलांसाठी निवासी शाळा काढली. पत्नीच्या निधनानंतर १९१८ मध्ये मिल्टनने आपली बहुतेक संपत्ती या शाळेच्या विश्वस्त निधीला देऊन टाकली. ती शाळा आजही चालू आहे. गरीब घरची मुलं-मुली तिथे मोफत राहतात, शिकतात.

आता हिशेब मांडून बघा. प्रत्येक वेळी पैसे गेले. राहिलं काय? हातातली कला, डेन्व्हरची युक्ती आणि लेबकिशरसारखा माणूस. नवा डाव उभा राहिला तो या शिलकीवरच. नुसत्या जिद्दीने झालं असतं, तर न्यू यॉर्कलाच झालं असतं!

म्हणून तुमच्या घरी किंवा ओळखीत कुणाचा धंदा बसला असेल, तर त्याला टोमणे मारू नका. आई-बाबांनो, हे तुमच्यासाठीही आहे हं! 'किती बुडाले?' हे सगळेच विचारतात. 'आता तुला काय काय येतं?' असं आपण विचारूया.