निराधार ठरण्याची अट

पतीच्या निधनानंतर किंवा त्याने सोडून दिल्यानंतर लहान मुलांना घेऊन संसार रेटणाऱ्या स्त्रीसाठी महाराष्ट्रात योजनाच नाहीत, असे म्हणता येणार नाही. संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० सालापासून आहे. मुलांसाठी बालसंगोपन योजना, घरासाठी पंतप्रधान आवास योजना आहे. २०२४ मध्ये त्यात 'लाडकी बहीण' योजनेची भर पडली. अडचण योजनांच्या संख्येची नाही, त्यांच्या अटींची आहे.

निराधार योजनेचे अनुदान २०२३ मध्ये दरमहा १,५०० रुपये झाले. ते मिळण्यासाठी कुटुंबाचे नाव दारिद्र्यरेषेखालील यादीत असावे लागते किंवा वार्षिक उत्पन्न २१ हजार रुपयांच्या आत असावे लागते. ग्रामीण भागातील ही यादी २००२ च्या पाहणीवर आधारलेली आहे. त्यानंतर लग्न होऊन पुढे एकट्या पडलेल्या स्त्रीचे नाव तीत स्वतंत्रपणे सापडणे कठीण. तिच्या हाती उरतो तो उत्पन्नाचा दाखला.

अडुसष्टावा दिवस

२१ हजार म्हणजे दिवसाला ५८ रुपयेही नव्हेत. २०२५-२६ मध्ये राज्यात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. या दराने ६७ दिवस काम केलेल्या स्त्रीचे उत्पन्न २०,९०४ रुपये होते. अडुसष्टाव्या दिवशी ते २१,२१६ वर जाते. कायद्याने शंभर दिवसांच्या कामाची हमी दिली होती. ते सर्व दिवस काम मिळाले असते, तर तिची कमाई ३१,२०० रुपये झाली असती. म्हणजे सरकारने हमी दिलेले काम पूर्ण करणारी माता सरकारच्याच लेखी निराधार राहत नाही.

मर्यादा ओलांडल्यावर अनुदान थोडे कमी होत नाही, संपूर्ण थांबते. एका दिवसाच्या मजुरीपायी वर्षाचे १८ हजार रुपये जातात. साहजिकच काम टाळावे किंवा खरी कमाई लपवावी, एवढेच दोन मार्ग तिच्यापुढे राहतात.

'लाडकी बहीण'साठी मात्र कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये ठेवण्यात आली. एकच स्त्री एका खिडकीवर गरीब आणि दुसऱ्या खिडकीवर सुस्थितीतील ठरते. शिवाय राज्याच्या अन्य आर्थिक योजनेतून १,५०० रुपये किंवा त्याहून अधिक घेणारी महिला 'लाडकी बहीण'ला पात्र नाही. दोन्ही रकमा मिळून तिला उभे राहता येत नाही.

घरकुल आहे, जागा नाही

घराचा प्रश्न याहून बिकट आहे. ग्रामीण घरकुलाच्या निकषांत २०२४ मध्ये सवलत देण्यात आली. कुटुंबातील कोणाचेही मासिक उत्पन्न दहा हजारांहून अधिक नसावे ही अट पंधरा हजारांपर्यंत वाढली. दुचाकी आणि फ्रिज असणेही आड येईनासे झाले. सपाट प्रदेशात घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात. परंतु बांधायचे कोठे? घर उभारायला जागा हवी, आणि ती बहुधा सासऱ्याच्या किंवा दिराच्या नावावर असते.

विधवा सून हिंदू वारसा कायद्यानुसार सासऱ्याचीही वारस आहे, पण त्याच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत तो हक्क त्याच्या मृत्यूनंतरच येतो. परित्यक्तेला तर तोही नाही. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा सामायिक घरात राहण्याचा अधिकार देतो. घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असले तरी हा अधिकार मागता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सतीश चंदर आहुजा खटल्यात स्पष्ट केले. तथापि राहण्याचा अधिकार म्हणजे मालकी नव्हे. त्याच्या आधारे नव्या घरकुलाला जागा मिळत नाही. त्रास सोसून तेथेच राहिले तर छप्पर टिकते. बाहेर पडले तर घरभाडे आणि अनामत रक्कम त्याच तुटपुंज्या मजुरीतून भागवावी लागते. भाडे भरण्यासाठी अधिक दिवस काम केले, की पुन्हा २१ हजारांची रेषा आडवी येते.

२०१६ च्या घरकुल निकषांत सोळा ते एकोणसाठ वयाचा पुरुष नसलेल्या, स्त्री प्रमुख असलेल्या कुटुंबाला अग्रक्रमासाठी गुण ठेवले गेले. मुलगा सोळा वर्षांचा झाला, की तो निकष लागू होत नाही. दहावीत शिकणारा मुलगा त्या हिशेबात घरचा कर्ता पुरुष होतो.

यावर उपाय अशक्यप्राय नाहीत. उत्पन्नाची मर्यादा निदान रोजगार हमीच्या पूर्ण मजुरीहून वर असावी आणि मजुरीच्या दराबरोबर वाढावी. मर्यादा ओलांडताच अनुदान तोडण्याऐवजी ते टप्प्याटप्प्याने कमी करावे. भूमिहीनांना जागाखरेदीसाठी दिल्या जाणाऱ्या साहाय्यात एकल मातांना अग्रक्रम द्यावा. चार दिवस अधिक राबण्याची शिक्षा आईला होऊ नये, एवढी काळजी तरी नियम करणाऱ्यांनी घ्यायला हवी.