कोंकणची तांबडी माती

घाटावरचा मनुष्य कोंकणांत उतरला, कीं पायांखालची तांबडी माती प्रथम त्याच्या डोळ्यांत भरते. देशावरची माती काळी, येथली तांबडी. तेव्हां दोहोंखालचा खडकही निराळा असावा, असें त्यास वाटणें साहजिक आहे. वस्तुस्थिति मात्र तशी नाहीं. सोलापुराकडील काळी जमीन व रत्नागिरीकडील तांबडी जमीन या बहुतांशीं एकाच काळ्या कातळाच्या कन्या होत. सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वीं लाव्हारसाचे थरावर थर पसरून हा कातळ झाला. पुढें भेद पाडला तो मुख्यत्वें पावसानें.

रत्नागिरीस वर्षाकाठीं १०० इंचांहून अधिक पाऊस पडतो. सोलापुरास त्याचा सुमारें चौथा हिस्सा. पावसाचें पाणी हवेंतील व जमिनींतील कर्बाम्लवायु शोषून किंचित् आंबट होतें आणि खडकांतील चुना व पोटॅश धुऊन नेतें. मागाहून सिलिकाही हळूहळू जाते. उरतें तें लोखंड व ॲल्युमिनियम. त्या लोखंडास गंज चढून माती तांबडी होते. आपला गेरू, म्हणजे संस्कृतांतील गैरिक, याच गंजाच्या रंगाचा. देशावर चुना व सिलिका पुष्कळ अंशीं जागींच राहतात. म्हणून तेथें पावसांत फुगणारी व उन्हाळ्यांत भेगाळणारी चिकण माती बनते.

कोंकणांतील ही क्रिया लक्षावधि वर्षें चालून जांभा दगड तयार झाला. फ्रान्सिस बुकानन यानें १८०७ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांत मलबारांतील अशाच दगडाला, ‘वीट’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, ‘लॅटेराइट’ हें नांव दिलें. तें अन्वर्थकच आहे. कारण खाणींत तो हत्यारानें सहज कापतां येतो व हवेंत टणक होतो. कोंकणांतील घरांचे चिरे ते हेच.

या मातींतून पाण्याचा निचरा चांगला होतो. म्हणून आंबा व काजू तिला मानवतात. पण ती अम्लधर्मी आहे, पाणी धरून ठेवीत नाहीं, आणि खतांतील स्फुरद तिच्यांतील लोखंड अडकवून ठेवतें. तिचा कस राहतो तो मुख्यतः वरच्या पातळ थरांत, कुजलेल्या पालापाचोळ्याच्या आधारानें.

ज्यांचीं वडिलोपार्जित ठिकाणें कोंकणांत आहेत, त्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें. समाईक जमिनीवरील झाडें तोडून विकलीं, म्हणजे चार पैसे सर्वांच्या वांट्यास येतात खरे. परंतु उघड्या उतारावरची माती पावसाबरोबर समुद्राकडे जाते व खालीं नुसता जांभा उरतो. उताराला आडवे बांध घालावे, पाला जाळूं नये, कुजूं द्यावा. झाड पुन्हां लावतां येतें; माती नातवंडांच्या हयातींतही परत यावयाची नाहीं.