दोष पाण्याला, श्रेय तेलाला

सोलापूरच्या एका तेवीस वर्षांच्या वाचकाने विचारलं आहे, ‘शिकायला पुण्याला आलो आणि दोन वर्षांत कपाळ मागे सरकलं. पुण्याचं पाणी लागलं असेल का? की हेल्मेटमुळे?’ मजा अशी, की सोलापुरातच राहिलेली त्याच्या वयाची मुलं दुसराच आरोपी दाखवतात. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, मधल्या दिवसांत डोकं धुवायला बोअरचं, आणि त्या जड पाण्यानेच केस जातात, असं त्यांचं म्हणणं. एकाचं पाणी खडकवासल्याचं, दुसऱ्याचं बोअरचं. दोघांत सारखं आहे ते फक्त वय. पुरुषांचं आनुवंशिक टक्कल डोकं वर काढतं ते बहुधा विशीत, आणि शिक्षण-नोकरीसाठी गाव सुटतं तेही विशीतच. मग बोल लागतो तो गावाला, पाण्याला आणि मेसच्या जेवणाला.

जड पाणी अगदीच निर्दोष नाही. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार केसावर बसतात, केस राठ होतो, कधी मधूनच तुटतो. पण तुटणं वेगळं आणि टक्कल पडणं वेगळं. केसाचं मूळ कातडीच्या काही मिलिमीटर खाली असतं आणि त्याला जे काही मिळतं ते रक्तातून. बाहेरच्या पाण्याची तिथवर पोच नाही. हेल्मेटचंही तेच. ‘केसांना हवा लागत नाही’ ही तक्रार मुळांच्या कानी जात नाही, कारण त्यांचा प्राणवायूही रक्तातूनच येतो. हेल्मेटचं घामट अस्तर धुवावं आणि हेल्मेट घालावं. कवटी पुन्हा उगवत नाही.

पाण्यावर संशय घेण्याची ही सवय जानेवारी २०२५ मध्ये साऱ्या महाराष्ट्राने पाहिली. बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतल्या लोकांचे केस नुसते ओढले तरी हातात येऊ लागले आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडू लागलं. बायका, शाळकरी मुलं, म्हातारे, कोणीच सुटेना. भाग खारपाणपट्ट्याचा, तेव्हा पहिलं बोट पाण्याकडे गेलं. मग शाम्पूकडे, मग बुरशीकडे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं पथक आलं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांचं रक्त, लघवी आणि केस तपासले, तेव्हा सेलेनियम प्रमाणाबाहेर सापडलं. रोख त्यांनी पाण्याकडे ठेवला नाही, तो पंजाबकडून रेशनवर आलेल्या गव्हाकडे वळवला. पंजाबात होशियारपूर-नवांशहरच्या पट्ट्यात जमिनीतच सेलेनियम जास्त आहे, हे कृषिशास्त्रज्ञांना जुनंच ठाऊक आहे. चीनमध्ये हुबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६०च्या दशकात अशाच धान्याने गावांच्या गावांचे केस आणि नखं गळाली होती. शेगावच्या गावांतूनही काही महिन्यांनी नखं गळत असल्याच्या बातम्या आल्या. मधल्या काळात बऱ्याच जणांचे केस परत येऊ लागले होते.

बावस्करांचं नाव वाचून जुन्या वाचकांना कोकणातले विंचू आठवले असतील. प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी. विंचूदंशाने मरणाऱ्या पोरांना तिने वाचवता येतं, हे त्यांनी दाखवलं. रक्तदाबाच्या गोळीने आडवाटेला लागून भलं केल्याचं हे एकच उदाहरण नाही. दुसऱ्याकडे येतोच.

शेगावने आपल्या वाचकापुरता एक खुलासा केला. विषाने केस जातात तेव्हा घरातल्या चौघांचे, चार दिवसांत आणि सगळ्या डोक्यावरचे जातात. एकट्या तरुणाचे, दोन वर्षांत, कपाळाच्या दोन कोपऱ्यांतून आणि टाळूवरून जात असतील तर तपास वेगळ्या दिशेने करायला हवा.

सोलापूरकराला समजावायचं तर केसाचं मूळ म्हणजे एक माग. डोक्यावर असे साधारण लाखभर माग. प्रत्येक माग दोन ते सहा वर्षं विणतो, दोन-तीन आठवड्यांत आवरतं घेतो आणि मग तीनेक महिने बंद राहतो. त्या काळात जुना माल मागावरच पडून असतो. नवा ताणा चढला की तो खाली येतो. लाखभर मागांच्या वेळा वेगवेगळ्या असल्यामुळे रोज पन्नास ते शंभर केस पडणं ही नित्याची उलाढाल आहे. कंगव्यातले केस मोजत बसणाऱ्यांनी ही संख्या ध्यानात ठेवावी.

आता डेंग्यू होतो, टायफॉइड होतो, किंवा लग्नाआधी पोट उतरवायला कोणी महिनाभर उपाशी राहतो. शरीर काटकसरीला लागतं आणि हजारो माग एकदम बंद पडतात. पण माल लगेच खाली येत नाही. तो येतो दोन-तीन महिन्यांनी. ताप सप्टेंबरात, केस डिसेंबरात. तोवर ताप विसरलेला असतो आणि दोष जातो नुकत्याच आणलेल्या शाम्पूला. या गळतीत माग मोडलेले नसतात, त्यामुळे बहुतेकांचं सहा महिन्यांत आपसूक थांबतं. मात्र जानेवारीत घाबरून जडीबुटीच्या तेलाची बाटली घेतलेली असते. एप्रिलमध्ये केस सावरतात आणि तेलवाल्याला आणखी एक साक्षीदार मिळतो, तोही अगदी प्रामाणिक. केसांच्या धंद्यातली निम्मी कीर्ती या तीन महिन्यांच्या अंतरावर उभी आहे.

आनुवंशिक टकलात माग बंद पडत नाही. दर खेपेला पन्हा थोडा कमी होतो, सूत बारीक येतं, विणण्याचा काळ आखडतो. दाट काळ्या केसाच्या जागी पुढच्या खेपेला भुरा, आखूड केस, त्यापुढे नुसती लव. म्हणून या प्रकारात न्हाणीघराच्या जाळीवर फारसे केस न दिसताही टाळू दिसू लागते. पन्हा कमी करण्याचा हुकूम देतं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक, टेस्टोस्टेरॉनपासून बनणारं. लहानपणीच वृषणं काढलेल्यांना टक्कल पडत नाही, हे ग्रीकांनाही दिसलं होतं. १९४२ साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने त्यापुढचं पाऊल टाकलं. अशा पुरुषांना टेस्टोस्टेरॉन दिलं, तर घराण्यात टक्कल असलेल्यांचे केस जाऊ लागले, नसलेल्यांचे टिकले. म्हणजे संप्रेरक हवं आणि वारसाही हवा. त्या संप्रेरकाला मुळाशी ओळखणाऱ्या ग्राहीचं जनुक एक्स गुणसूत्रावर, म्हणून ते आईकडून येतं. पण एकट्या मामाला धारेवर धरू नये. टकलाशी संबंधित शेकडो जनुकीय जागा आता सापडल्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच वडिलांकडूनही येतात. जिममध्ये कोणी ‘बॉडी लवकर बनते’ म्हणून स्टिरॉइडचं इंजेक्शन पुढे केलं, तर मात्र एकट्या वारशाला दोष देता येणार नाही. ते या संप्रेरकाचं कच्चं सूतच आहे.

उपायांत नीट तपासलेली औषधं दोन, आणि दोन्ही टकलासाठी शोधलेली नव्हती. पहिल्याची गोष्ट अशी. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास या खेड्यात काही मुलं जन्मतः मुली समजून वाढवली जात आणि वयात येताना पुरुष होत. टेस्टोस्टेरॉनचं डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर करणारं विकर त्यांच्यात कमी असतं, हे ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ले यांनी १९७४ साली मांडलं. या पुरुषांचं प्रोस्टेट लहान राहतं आणि कपाळ मागे सरकत नाही. मर्क कंपनीने तेच विकर अडवणारं फिनास्टेराइड बनवलं. ते १९९२ साली अमेरिकेत प्रोस्टेटसाठी आणि १९९७ साली एक मिलिग्रॅमच्या गोळीत टकलासाठी मंजूर झालं.

दुसरं औषध मिनॉक्सिडिल, रक्तदाबावरची ती दुसरी गोळी. अपजॉन कंपनीची ही गोळी कोलोरॅडो विद्यापीठात डॉ. चार्ल्स चिड्सी रुग्णांना देऊन पाहत होते. रक्तदाब उतरला, पण रुग्णांच्या गालांवर आणि कपाळावर केस उगवू लागले. कंपनीच्या लेखी हा नको असलेला दुष्परिणाम. हे प्रकरण ज्यांच्याकडे आलं ते त्वचारोगतज्ज्ञ गुंटर कान, लहानपणी कुटुंबासोबत नाझी जर्मनीतून निसटलेले ज्यू गृहस्थ. त्यांना आणि त्यांचे तरुण सहकारी पॉल ग्रँट यांना वेगळंच सुचलं. गोळी पोटात घ्यायचीच कशाला? तिचं द्रावण करून त्यांनी स्वतःच्याच हातांवर चोळलं आणि तिथे केस आले! कंपनी खूश व्हायला हवी होती. झालं उलटं. पेटंटवरून वाद पेटला आणि वर्षानुवर्षं चालला. अखेर पेटंटवर चिड्सींच्या शेजारी कान यांचं नाव लागलं. ग्रँट यांचं नाव तिथे नाही. १९८८ साली औषध केसांसाठी मंजूर होऊन जगभर गेलं, पण ज्या हातांवर पहिले केस उगवले ते कुणाचे, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं.

मिनॉक्सिडिल लावणाऱ्याने एक गोष्ट आधीच ऐकून ठेवावी. सुरुवातीच्या काही आठवड्यांत केस जास्त पडतात, कारण नवा ताणा लवकर चढतो आणि जुना माल खाली येतो. ‘औषधानेच होते तेही गेले’ म्हणून कित्येक जण नेमकं तेव्हाच थांबतात. इथे औषध काम करत असतं आणि दोषही त्यालाच मिळतो. फरक दिसायला चार-सहा महिने लागतात आणि थांबवलं की काही महिन्यांत कमाई जाते. फिनास्टेराइड डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. थोड्या पुरुषांत लैंगिक इच्छा आणि ताठरता कमी होते. बहुतेकांचं गोळी थांबवल्यावर सुधारतं, तरी काहींच्या तक्रारी पुढेही राहिल्या आहेत. आत्महत्येचे विचार हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं युरोपच्या औषध नियामकाने २०२५ साली मान्य केलं, म्हणून मन खचतंय असं वाटलं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टर गाठावा. ही गोळी घेणाऱ्याने गणपतीतल्या किंवा शिवजयंतीच्या रक्तदान शिबिरात तसं आधी सांगावं. ते रक्त एखाद्या गरोदर बाईला गेलं तर पोटातल्या मुलग्याच्या वाढीला धोका असतो.

केस प्रत्यारोपणाचं श्रेय न्यूयॉर्कचे नॉर्मन ओरेंट्राइक यांना मिळतं. मागच्या बाजूचे केस टाळूवर लावले तरी मागचाच स्वभाव राखतात, हे त्यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलं. पण जपानच्या शोजी ओकुडा यांनी १९३९ सालीच बारीक गोल तुकड्यांनी केस रोवल्याचं जपानी नियतकालिकात सविस्तर लिहून ठेवलं होतं. मग महायुद्ध पेटलं आणि पश्चिमेने ते वाचलंच नाही. आज हीच शस्त्रक्रिया हप्त्यांवर मिळते. बाविशीत घाई करणाऱ्याने इतकं समजून घ्यावं, की रोवलेले केस टिकतात, पण त्यांच्यामागचे टाळूवरचे मूळचे केस जाणं त्याने थांबत नाही. तिशीत कपाळावर पुढे एक पट्टी आणि मागे मोकळं रान उरू शकतं. शिवाय ही शस्त्रक्रिया आहे, सलूनचं काम नव्हे. मुंबईत २०१९ साली ती करून घेतल्यानंतर एका व्यावसायिकाचा जीव गेला. ती कोणी करावी हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली सांगितलं आहे : शिक्षण घेतलेले त्वचारोगतज्ज्ञ किंवा प्लास्टिक सर्जन. यूट्यूब बघून शिकलेले नव्हेत.

उरलं तेल. मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली दाखवलं, की खोबरेल केसातली प्रथिनं धुऊन जाणं कमी करतं. कंपनी खोबरेल विकते हे लक्षात ठेवूनही प्रयोग पटण्यासारखा आहे. पण तो उगवून आलेल्या केसाबद्दल आहे, मुळाबद्दल नाही. बायोटिनच्या गोड गोळ्यांचं तेवढंही नाही. बायोटिनची खरी कमतरता दुर्मीळ असते, उलट या गोळ्यांमुळे थायरॉइड आणि हृदयाच्या काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकू शकतात. आपल्या १९४५च्या औषध नियमांतल्या परिशिष्ट ‘जे’मध्ये अशा आजारांची यादी आहे, की जे बरे करण्याचा दावा औषधाने करूच नये. त्यात टक्कल आहे आणि नवे केस उगवणंही आहे. जाहिराती बघताना ही यादी आठवावी.

तरी ‘माझ्या मित्राला तेलाने फरक पडला’ याचं काय? फिनास्टेराइडच्या दोन वर्षांच्या चाचणीत खरी गोळी घेणाऱ्या शंभरातल्या ८३ जणांचे केस मोजणीत टिकले किंवा वाढले. औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांतही शंभरातल्या २८ जणांचं तसंच झालं. म्हणजे काहीही विका, दोन वर्षांनी शंभरात अठ्ठावीस गिऱ्हाईकं समाधानी मिळतात, आणि फोटो छापले जातात ते त्यांचेच. उरलेल्या बहात्तर जणांना कोणी विचारत नाही.

म्हणून आपल्या वाचकाने आधी त्वचारोगतज्ज्ञाला टाळू दाखवावी. सोलापुरात डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे. महागड्या पॅकेजपेक्षा तिथला केसपेपर स्वस्त पडतो. उपाय करायचा ठरलाच तर एका वेळी एकच करावा आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्याच खिडकीपाशी, कोरड्या केसांचा फोटो काढावा. वर्षाचे बारा फोटो शेजारी ठेवून फरक दिसला नाही, तर बाटलीवर कोणाचंही नाव असो, पैसे देणं बंद करावं. आणि काहीच करायचं नाही असं ठरवलं तर तेही चालतं. टकलाने प्रकृतीचं काही अडत नाही. स्थळ पाहायला येणाऱ्यांना तेवढं कळायला हवं.