विश्लेषण : पॅरिसच्या रंगमंचावरचा ‘गैरसमज’ हरिपूरच्या देवलांनी गाण्यात कसा आणला?

प्रेम, मत्सर, फसवणूक आणि गाणे. युरोपातल्या बरोक काळातील (साधारण 1600 ते 1750) ऑपेराचा मसाला हाच. मराठी प्रेक्षकाला हे फार लांबचे वाटेल. पण याच काळातल्या एका फ्रेंच नाटकाची गोष्ट सांगली जिल्ह्यातल्या लेखकाने मराठीत आणली आणि ती शंभर वर्षांहून अधिक काळ गायली जाते आहे. नाटकाचे नाव ‘संगीत संशयकल्लोळ’. लेखक गोविंद बल्लाळ देवल, गाव हरिपूर, म्हणजे कृष्णा-वारणेच्या संगमावरचे, हळदीच्या पेवांसाठी ओळखले जाणारे.

मूळ गोष्ट कुठली?

1660 साली मोलियेर या नाटककाराने पॅरिसमध्ये ‘स्गानारेल’ हे छोटे प्रहसन रंगमंचावर आणले. पुढे याच मोलियेरने संगीतकार लुली याच्याबरोबर नाटक, नाच आणि गाणे एकत्र करणारे प्रयोग केले आणि लुलीने 1673 पासून फ्रेंच ऑपेराची घडी बसवली. लंडनमध्ये आर्थर मर्फी याने 1761 मध्ये ‘स्गानारेल’च्या गोष्टीवर इंग्रजी नाटक रचले. देवलांनी मर्फीवरून 1893 च्या सुमारास ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ लिहिले. ते गद्य होते. त्यात पदे घालून 1916 मध्ये गंधर्व नाटक मंडळीने ‘संशयकल्लोळ’ रंगमंचावर आणले. त्याच वर्षी देवलांचे निधन झाले.

घोटाळा नेमका काय?

रेवतीला रस्त्यात भोवळ येते. फाल्गुनराव तिला सावरतो आणि त्याची बायको कृत्तिका नेमके तेवढेच पाहते. रेवतीजवळची अश्विनशेठची तसबीर तिथेच पडते, ती कृत्तिकेच्या हाती लागते. बायको परपुरुषाची तसबीर न्याहाळते आहे, हे फाल्गुनराव पाहतो. तसबीर भलत्याच घरी पोहोचली म्हणून अश्विनशेठच्या मनात रेवतीबद्दल किंतू, आणि रेवतीच्या मनात त्याच्याबद्दल. तसबीर एक, गैरसमज चार. प्रत्येकाने पाहिलेले खरे असते, काढलेला अर्थ तेवढा खोटा. पात्रांची नावेही मजेची आहेत. पुरुषांची महिन्यांवरून (फाल्गुन, अश्विन, भादवा, वैशाख), बायकांची नक्षत्रांवरून (रेवती, कृत्तिका, मघा).

देवलांनी एक बदल मात्र फार विचाराने केला. मोलियेरची नायिका खात्यापित्या घरची मुलगी आहे. देवलांची रेवती मघा नायकिणीची मुलगी आहे आणि तिला लग्न करून संसार थाटायचा आहे. त्यामुळे अश्विनशेठचा संशय नुसता प्रियकराचा राहत नाही, तिच्या जन्मावर बोट ठेवतो. फाल्गुनरावाच्या संशयाला प्रेक्षक हसतो. रेवतीवरच्या संशयाला हसताना जरा अडखळायला होते, आणि प्रयोगात ती जागा हुकली की उरते फक्त पळापळ.

मग याला ऑपेरा म्हणायचे का?

काटेकोरपणे नाही. ऑपेरात संवादही गायले जातात, संगीत नाटकात ते बोलले जातात. पण बांधणीत साम्य आहे. बरोक ऑपेरात गोष्ट पुढे सरकते ती बोलण्यासारख्या गायनातून, ‘रेसिटेटिव्ह’मधून. मग पात्र थांबून एकच भावना गाते, ती ‘आरिया’. तिचा पहिला भाग शेवटी परत येतो आणि तेव्हा गायकाने त्यात स्वतःची भर घालायची असते. नाट्यपदाचे धृपद आळवताना आपला गायक नट दुसरे काय करतो? साथीतही तेच. तिकडे हार्प्सिकॉर्डवाला मंद्र सुरांच्या ओळीवरून बाकीचे स्वर जागेवर भरतो, इकडे ऑर्गनवाला नटाच्या गळ्यावर लक्ष ठेवून असतो.

स्त्री-पुरुष भूमिकांची अदलाबदलही दोन्हीकडे होती. पोपच्या राज्यात स्त्रियांना रंगमंचावर बंदी होती, त्यामुळे त्यांच्या भूमिका पुरुष गात. हेंडेलच्या ‘आरिओदान्ते’ (1735) या ऑपेरात दासीला राजकन्येचे कपडे घालून नायकाला फसवले जाते. तो नायकही कास्त्रातो गायकाने, म्हणजे बालपणीच शस्त्रक्रिया करून बारीक राखलेल्या आवाजाच्या पुरुषाने गायला होता. गंधर्व मंडळीत रेवती होती नागठाण्याच्या बालगंधर्वांची, आणि फाल्गुनराव गणपतराव बोडस यांचा.

माण-आटपाडीच्या यात्रेत तमाशाचा वग पाहिलेल्याला हे सगळे नवे नाही. बोलणे, गाणे, पुन्हा बोलणे, आणि लुगडे नेसलेला पुरुष.

बसवायला अवघड का?

कारण प्रहसनाला वेग लागतो आणि पद वेळ थांबवते. ‘संशयकल्लोळ’मध्ये गाणी मुख्यतः अश्विनशेठ-रेवतीकडे आहेत, फाल्गुनरावाकडे बोलणे. म्हणजे संशय धावतो आणि प्रेम थबकते. पद लांबले तर पुढच्या प्रसंगातला हशा जातो, कापले तर गाणे ऐकायला आलेला प्रेक्षक नाराज होतो. जुने संगीत नाटक रात्रभर चाले, आजच्या नाट्यगृहात तीन तास मिळतात. 1880 च्या ‘शाकुंतला’त अण्णासाहेब किर्लोस्करांनी दोनशेच्या आसपास पदे घातली होती. तेवढी आज कोण ऐकणार?

दुसरी अडचण माणसांची. गाणारा चांगला मिळतो, विनोदाचे टायमिंग असलेला मिळतो, दोन्ही एकात क्वचित. अलीकडच्या काळात प्रशांत दामले (फाल्गुनराव) आणि राहुल देशपांडे (अश्विनशेठ) यांनी हे नाटक केले तेव्हा जोडी जमली, कारण देवलांनीच बोलणारा आणि गाणारा वेगळे ठेवले आहेत. राज्य शासनाच्या संगीत नाट्यस्पर्धेत उतरणाऱ्या हौशी संस्थेला मात्र असा पर्याय सहज मिळत नाही. तिथे दिवसा नोकरी आणि संध्याकाळी तालीम. त्यात ऑर्गन आणि तबल्याची साथ रोज हजर हवी, कारण ध्वनिमुद्रित साथ नटाच्या तानेसाठी थांबत नाही.

काळ बदलून तसबिरीच्या जागी मोबाइल ठेवला तर? मोह होईल, पण नाटक पहिल्याच अंकात संपेल. फोटो कुणी, कुणाला, किती वाजता पाठवला हे कृत्तिकेला लगेच दिसेल. फोन लॉक असेल तर गोष्ट वेगळी.