कॅसेट निर्दोष होती

१९८२च्या दिल्लीतील आशियाई खेळांबरोबर भारतात रंगीत दूरदर्शन आले. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत व्हीसीआर आणि लग्नाची व्हिडिओ कॅसेट मराठी मध्यमवर्गाच्या घरात रुळली. २०००नंतर याच कॅसेटी संगणकावर उतरवून घेण्याची लाट आली आणि तिच्यासोबत एक तक्रारही आली. मंगलाष्टकांच्या वेळी ओठ आणि आवाज जुळलेले असतात. पण उखाण्यांपर्यंत येता येता नवरीचे ओठ मिटतात आणि त्यानंतर तिने घेतलेले नाव ऐकू येते. ‘कॅसेट जुनी झाली, आता असंच दिसणार’ हे त्यावरचे ठरलेले उत्तर. पाव शतकाकडे मागे वळून पाहताना हे निदान मुळातच चुकीचे होते, असे मला वाटते. दोष बहुतेक वेळा कॅसेटमध्ये नव्हता, तो नक्कल करण्याच्या पद्धतीत होता. आणि चुकीच्या निदानाची किंमत मोठी होती, कारण ‘खराब’ ठरलेल्या मूळ कॅसेटी लोकांनी टाकून दिल्या.

व्हीएचएस कॅसेटची रचना पाहिली की हे स्पष्ट होते. फिरत्या ड्रमवरची हेड फितीवर तिरक्या रेषांत चित्र लिहितात आणि साधा आवाज त्याच फितीच्या कडेला सरळ पट्ट्यात बसतो. फीत एकच, तिला ओढणारी मोटर एकच. फीत जरा मंद झाली तर चित्र आणि आवाज दोन्ही मंद होतील, पण एकमेकांपासून दूर जाणार नाहीत. संगणकाच्या बाबतीत तसे नव्हते. त्या काळच्या बहुतेक घरगुती जोडणीत चित्र कॅप्चर कार्डात जाई आणि आवाज साउंड कार्डात. दोन्ही कार्डांची घड्याळे वेगळी होती. सेकंदाला ४८,००० नमुने घेतो असे सांगणारे साउंड कार्ड लाखात पाचाने जरी चुकले, तरी तासाला ०.१८ सेकंद आणि तीन तासांच्या कॅसेटअखेर अर्ध्या सेकंदाहून अधिक अंतर पडते. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून आलेल्या कॅसेटींचे आणखी एक दुखणे होते. तिथल्या एनटीएससी पद्धतीत सेकंदाला २९.९७ फ्रेम असतात. त्या पूर्ण ३० धरल्या, तर चित्र तासाला ३.६ सेकंद पुढे पळते.

पण फीत खरोखरच झिजते, बुरशी धरते, तिचे काय? हा आक्षेप रास्त आहे आणि त्यात अर्धे सत्य आहे. झिजलेल्या फितीवरचे चित्राच्या वेळेचे संकेत डळमळतात. टीव्ही ते सांभाळून घेतो. कॅप्चर कार्ड मात्र गोंधळून फ्रेम गाळते आणि साउंड कार्ड आवाज अखंड घेत राहते. आपल्या पाल पद्धतीत एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते. २५ फ्रेम गळल्या की आवाज एक सेकंद मागे पडला. म्हणजे फीत हे निमित्त, गळती कार्डाची. याचा पडताळा सोपा आहे: तीच कॅसेट व्हीसीआरवरून थेट टीव्हीवर पाहिली की ओठ जुळलेले दिसतात. डळमळते संकेत सावरणारा टाइम बेस करेक्टर व्यावसायिक स्टुडिओत असे, घरोघरी नसे. व्हर्च्युअलडबसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आवाज चित्राच्या वेळेनुसार जुळवून घेण्याची सोय होती. पण आजार काय आहे हेच ठाऊक नसेल, तर ती सोय वापरायला सुचणार कसे? १९९५नंतर आलेल्या मिनीडीव्हीमध्ये चित्र-आवाज एकाच डिजिटल प्रवाहात आले, तरी कटकट पूर्ण सुटली नाही. फ्रेममागे बरोबर १,९२० नमुने यायला हवेत, पण घरगुती कॅमेरे थोडे कमी-जास्त लिहीत आणि काही सॉफ्टवेअर आकडा नेमका आहे असे गृहीत धरत. आज मोबाइलवरचे चित्रण सेकंदाला कमी-जास्त फ्रेम घेते आणि एडिटिंग सॉफ्टवेअर ती एकसारखी मानते. चूक तीच, साधन नवे.

म्हणून दुरुस्तीआधी निदान हवे, आणि त्यासाठी फाइल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी अशी तीन ठिकाणी तपासावी. टाळी, ताशाचा ठोका, फटाका, जिथे हालचाल आणि आवाज एकाच क्षणी होतात अशा जागा शोधाव्यात. अंतर तिन्हीकडे सारखे असेल तर आवाजाचा ट्रॅक सरकवणे पुरे. ते समप्रमाणात वाढत असेल तर घड्याळांचा फरक आहे. आवाज त्या प्रमाणात ताणावा किंवा आखडावा. ते अचानक टप्प्याटप्प्याने वाढत असेल तर फ्रेम गळल्या आहेत, आणि कॅसेट हाताशी असेल तर ती पुन्हा उतरवणे हाच उपाय. प्रत्यक्षात सरसकट काय झाले? शेवटी एक सेकंद फरक दिसला की सगळा ट्रॅक अर्धा सेकंद सरकवला, म्हणजे सुरुवातही बिघडली. आवाज ताणल्याने सूर बिघडेल ही भीती मात्र इथे अनाठायी आहे. हजारात एकाचा बदल सुराला जेमतेम १.७ सेंट हलवतो, आणि एक अर्धस्वर १०० सेंटचा असतो.

इतक्या सूक्ष्म फरकाचा बाऊ कशाला, असेही विचारले जाते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८च्या शिफारशीनुसार आवाज साधारण ४५ मिलिसेकंद आधी किंवा १२५ मिलिसेकंद नंतर आला की प्रेक्षकाला ते जाणवू लागते. उशीर अधिक खपतो, कारण निसर्गात आवाज उशिराच पोहोचतो. ३४ मीटरवरची टाळी सेकंदाच्या दहाव्या भागाने मागाहून ऐकू येते. त्यामुळे शंका असेल तिथे आवाज किंचित मागे ठेवावा, पुढे कधीच नाही. पण अर्धा सेकंद कोणालाही खपत नाही, आणि तो बोलणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरच सर्वांत जास्त खटकतो. गेलेल्या आजीचे बोलणे ज्या एकाच कॅसेटमध्ये उरले आहे, तिथे याला बाऊ म्हणणे मला पटत नाही. आपोआप जुळवणारी सॉफ्टवेअर आता आहेत, हे खरे. पण ती बहुतांशी दोन कॅमेऱ्यांचे आवाज एकमेकांशी ताडून पाहतात. घरच्या कॅसेटला ताडून पाहायला दुसरा आवाजच नसतो.

सर्वांत अवघड आहे ती व्हीसीडीची गोष्ट. दुकानदाराने तीन तासांची कॅसेट तीन चकत्यांवर उतरवून दिली, मूळ कॅसेट घरातून गेली, आणि २०१६मध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआरचे उत्पादनही थांबवले. अशा वेळी प्रत्येक चकती स्वतंत्र धरावी, कारण कॅप्चर पुन्हा सुरू केले की फरकाची मोजणीही बहुधा नव्याने सुरू होते. ज्या जागी चित्र झटका खाऊन पुढे उडी मारते, तिथे फ्रेम गळल्या असण्याची शक्यता अधिक. त्या जागेलगत कोणी बोलत नसेल तिथे आवाज कापावा आणि पुढचा तुकडा ओठांशी जुळवून बसवावा. वाजंत्री किंवा गर्दीच्या गलबल्यात असा काप लपतो, उखाण्यात लपत नाही. आणि हे सगळे नकलेवर करावे. चकतीवरची फाइल जशी आहे तशी वेगळी जपून ठेवावी.