ऑक्टापॅड आपोआप वाजत नाही

"त्याले काय, बटन दाबलं का वाजते." दिवाळीनंतर मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, भरू लागल्या, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत वडसा, नागभीड, सिंदेवाहीच्या बाजूला नाटकांची पत्रकं भिंतींवर चढली, की ऑक्टापॅडवाल्याबद्दल हे वाक्य कुठे ना कुठे कानावर पडतंच. बोलणारा कधी नाटक ठरवायला आलेला मंडळाचा माणूस असतो, कधी तबल्यातला जाणकार. थट्टेवारी नेता आलं असतं, पण मानधनाची घासाघीस याच वाक्यावरून होते. तबल्यावर बसलेला तो कलाकार, आणि पॅडवर उभा आहे तो म्हणे मशीन चालवणारा.

तर ऑक्टापॅड या विजेवरच्या तालवाद्यात बटणं आहेत, पण ती आवाज निवडायला. वाजवायला काठी लागते. रबराच्या प्रत्येक चौकोनाखाली आघात ओळखणारा सेन्सर असतो. काठी पडली की त्यातून विजेचा बारीकसा ठोका निघतो. तो किती जोराचा आहे हे मोजून आतलं यंत्र त्या चौकोनाला नेमून दिलेला आवाज तेवढ्याच जोराने सोडतं. हलकी काठी, हलका आवाज. काठी पडली नाही तर आवाज नाही. रोलँड कंपनीचा पहिला ऑक्टापॅड १९८५ साली आला, त्याच्या पोटात तर स्वतःचा एकही आवाज नव्हता. तारेने दुसऱ्या ध्वनियंत्राला जोडल्याशिवाय तो मुकाच. १९९८च्या एसपीडी-२० मध्ये ७०० आवाज आले. पण त्यातला एक ऐकायचा तर एकदा मारावं लागतं, आणि शंभर ऐकायचे तर शंभरदा. रात्री दहाला उघडलेला पडदा पहाटे पडेपर्यंत तो माणूस असा किती हजारदा मारत असेल, याचा हिशेब 'बटन'वाल्यांनी एकदा करावा.

मग हा समज आला कुठून? बहुधा कीबोर्डवरून. कीबोर्डमध्ये तयार ठेके असतात, एक कळ दाबली की केरवा सुरू होतो आणि थांबवेपर्यंत चालतो. ते खरंच आपोआप वाजणं. २०१०च्या एसपीडी-३० पॅडमध्ये वाजवलेला तुकडा फिरवत ठेवायची सोय आहे, पण तो तुकडा आधी कुणीतरी हातानेच वाजवावा लागतो. काही जण अख्खं गाणं पेनड्राइव्हवरून लावतात आणि पॅडपुढे काठ्या हलवतात, हेही मान्य. ती लबाडी आहे. तिचा दोष वाद्याला कशाला?

नाटकात तर ठेका धरून बसलं की काम संपलं, असंही नसतं. नट वाक्य ताणतो, प्रेक्षकांत हशा उसळला की थांबतो, कधी गाण्याची ओळ परत घेतो. मारामारीत हात जिथे पडतो तिथेच 'धप्प' पडायला हवा; अर्धा क्षण उशीर झाला की खलनायकाला मार बसण्याआधीच तो कोसळलेला दिसतो. म्हणून पॅडवाल्याची नजर पॅडवर कमी आणि स्टेजवर जास्त असते. आधी तबला किंवा ढोलकी शिकलेला माणूस पॅडवर सहसा उजवा ठरतो, कारण लय हातात असते, यंत्रात नाही.

आता उलट बाजूची घोडचूक, जी पॅडचे भक्त करतात: "पॅडमध्ये तबला आहे ना, मग तबलजी कशाला?" पॅडमध्ये तबला नाही. कधीतरी कुठेतरी वाजवलेल्या तबल्याच्या काही आघातांचं ध्वनिमुद्रण आहे. चामड्याच्या साध्या वाद्याचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून ते नुसतं 'धब' वाजतं; तबला-मृदंगावरच्या शाईमुळे हे उपस्वर सुरेल नात्यात येतात. सी. व्ही. रामन यांनी हे १९२० साली 'नेचर'मध्ये मांडलं होतं. बोट शाईवर पडलं, किनारीवर पडलं की मधल्या मैदानात पडलं, त्यावर उपस्वरांचं गणित दर वेळी बदलतं. डग्ग्यावर मनगट दाबून सरकवलं की स्वर वर चढतो. मुद्रित आघाताला हे कसं जमणार? काठीऐवजी हाताने वाजवायचा, दाबाने स्वर बदलणारा पंधरा भागांचा हँडसॉनिक रोलँडने २००० साली आणला. तो या बाबतीत बराच पुढे गेला. तरी नाट्यगीताची साथ त्याच्यावर सोपवावी असं मला वाटत नाही. झाडीपट्टीत ऑर्गन, तबला आणि पॅड शेजारीशेजारी असतात, ते शहाणपणाचंच आहे.

मग पॅड आला कशासाठी? मुख्य कारण माइक. झाडीपट्टीचं नाटक उघड्यावर, हजारोंच्या गर्दीपुढे होतं आणि नटांसाठी स्टेजवर माइक टांगलेले असतात. तिथेच खरा ड्रमसेट बडवला तर तो प्रत्येक माइकमध्ये शिरतो आणि संवाद बुडतात. पॅडचा आवाज तारेने थेट मिक्सरमध्ये जातो, तिथे हवा तेवढाच ठेवता येतो. दुसरं कारण थंडी. पौषातल्या मध्यरात्री दव पडायला लागलं की चामडं ओल धरतं, सैलावतं, सूर उतरतो. तबलजी दोन गाण्यांच्या मध्ये हातोडीने गठ्ठे ठोकत बसतो. पॅडचा सूर दवाने उतरत नाही. मात्र जनरेटरने क्षणभर आचका दिला, की पॅड पुन्हा सुरू होईपर्यंत गप्प, आणि तेवढ्या वेळात सूर उतरलेला तबलाच नाटक सांभाळतो.

बाकीचे समज थोडक्यात.

पॅड म्हणजे डीजे: नाही. छाती हादरते ती अँप्लिफायर आणि स्पीकरच्या भिंतीमुळे; त्यांना बासरी जोडली तरी हादरेल.

पॅडमध्ये हवा तो आवाज भरता येतो: मॉडेलवर आहे. एसपीडी-२० मध्ये बाहेरचा आवाज भरता येत नाही, एसपीडी-एसएक्समध्ये येतो.

पारंपरिक वाद्यांना रात्री दहाचा नियम लागत नाही: लागतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मधल्या नियम ५ मध्ये आता लाउडस्पीकरसोबत वाद्यांचाही स्पष्ट उल्लेख आहे. रात्रभराच्या नाटकांनी मग काय करायचं, हा प्रश्न खरा आहे, पण तो पॅड आणि ढोल दोघांनाही सारखाच लागू आहे.

चामड्याचा आवाज कानाला बाधत नाही: कानाला चामडं-रबर कळत नाही, डेसिबल कळतात. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला आठ तासांची आहे आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. वादकांनी कानात बोळे घालावेत, लाजू नये.

पॅडमुळे परंपरा बाटली: दंडार आणि खडी गंमत ही इथली जुनी लोकनाट्यं ढोलकी-डफावर उभी राहिली हे खरं, पण आज जिला परंपरा म्हणतात ती पेटीही युरोपातूनच आली. आकाशवाणीने तर १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली होती, ती १९७१ साली उठली, तीही पुरती नाही.

आणि एक सूचना हल्ली सांस्कृतिक महोत्सवांच्या आयोजकांकडून येते: भामरागड-एटापल्लीकडच्या माडिया आदिवासींच्या नाचालाही पॅड लावा, "आवाज मोठा येईल." त्या नाचात ढोलवाला बाजूला बसून साथ करत नाही. ढोल गळ्यात अडकवून तोही नाचणाऱ्यांतलाच एक असतो, त्याच्या पावलांवर बाकीच्यांची पावलं पडतात. पॅड स्टँडवर असतो, स्टँड जमिनीवर आणि वायर मिक्सरला. आवाज कमी पडतोय तर ढोलाजवळ एक माइक धरा.